ग्रोथ हार्मोनची बाटली शनिवारपर्यंत पुरायला हवी, शुक्रवारीच संपते: घोळ कुठं होतो

ज्यांच्या घरी पोराला रोज रात्री ग्रोथ हार्मोनचं, म्हणजे उंची वाढण्यासाठीचं, इंजेक्शन चालू आहे आणि तेही पेनवालं नाही, पावडरची छोटी बाटली आणि वेगळं पाणी असं मिळतं, त्यांच्यासाठी हे लिहितोय. पेनवाल्यांनी सोडून दिलं तरी चालेल, त्यांनी आकडा फिरवायचा आणि बटण दाबायचं. आमच्यासारख्यांचं रडगाणं ठरलेलं, बाटली हिशोबाला पुरत नाही. कधी शेवटच्या दिवशी अर्धाच डोस निघतो, कधी काहीच निघत नाही, आणि मग मेडिकलवाल्याला शिव्या, कंपनीला शिव्या, "बाटलीत औषधच कमी भरतात" वगैरे. मी पण चार महिने हेच म्हणत होतो. बाटलीत औषध बरोबर होतं, चूक माझ्या हातात होती, आणि ती एक नव्हती, तीन-चार बारीक चुका एकावर एक बसलेल्या.

आधी आमचा हिशोब सांगतो म्हणजे पुढचं कळेल. हे आकडे आमच्या पोराचे आहेत, तुमचे वेगळे असणार, आकडे उचलू नका, हिशोबाची रीत तेवढी घ्या. पोरगं वीस किलोचं. बाटलीत ४ एमजी औषध, त्यालाच १२ आययू (औषधाची ताकद मोजायचं आंतरराष्ट्रीय युनिट) पण म्हणतात कारण या औषधाचं १ एमजी म्हणजे ३ आययू धरतात. त्यात पाणी घालायचं २ एमएल. म्हणजे एका एमएलमध्ये २ एमजी. डॉक्टरीणबाईंनी रोजचा डोस लिहिलाय ०.६ एमजी, म्हणजे ०.३ एमएल, आणि आठवड्यातून सहाच दिवस, रविवारी सुट्टी. सहा दिवसांचं १.८ एमएल होतं, बाटलीत २ एमएल आहे, म्हणजे शनिवारी इंजेक्शन देऊन झाल्यावर तळाला ०.२ एमएल उरायला पाहिजे. उरायला पाहिजे! आमच्याकडं शनिवारी बाटली उलटी धरून आम्ही दोघं ट्यूबलाइटकडं बघत बसायचो.

मी दूध संकलन केंद्रात काम करतो, आमच्या वाळवा तालुक्यात. आता फॅटचं मशीन आलंय पण मी शिकलो ते जुन्या गर्बर पद्धतीवर, १० एमएल ॲसिड, १०.७५ एमएल दूध, १ एमएल अमाइल अल्कोहोल, आणि मग ब्युटिरोमीटर, म्हणजे फॅट मोजायची काचेची नळी, फिरवायचा. पाव एमएल इकडं तिकडं झालं की फॅट बदलतं आणि शेतकरी काउंटरवर भांडायला येतो. सांगायचा मुद्दा, माप घेणं हे माझं रोजचं पोट भरायचं काम आहे आणि तरी मी घरी चुकत होतो. त्यामुळं तुमचं चुकत असेल तर लाजायचं काही कारण नाही.

पहिला गैरसमज पावडरचा. बरेच जण बाटली उजेडात धरून बघतात की पावडर किती आहे, मागच्या वेळेपेक्षा कमी दिसते का. अहो, ते जे पांढरं खडीसारखं किंवा वडीसारखं दिसतं ना त्यात औषध अगदी नखभर पण नाही. ४ एमजी म्हणजे साखरेचे चार-सहा दाणे असतील नसतील. बाकी सगळा भराव असतो, मॅनिटॉल, ग्लायसिन असलं काहीतरी, कारण एवढंसं औषध एकटं गोठवून वाळवलं तर काचेला चिकटून दिसणारच नाही आणि टिकणार पण नाही. वडी कधी फुगीर दिसते कधी चपटी, वाहतुकीत फुटून भुगा होतो, त्यावरून औषध कमी का जास्त काही कळत नाही. पावडर आपण मोजायचीच नसते. किती आहे ते लेबलवर छापलंय, ते धरायचं. आपण मोजायचं ते पाणी, आणि नंतर सिरिंजमधलं ओढलेलं. एवढ्या दोनच जागा आहेत आपल्या हातात, चूक झाली तर तिथंच झाली.

आता पाणी. पाकिटात जे पाणी येतं त्याच्या कागदावर नीट बघा ते कसलं आहे. एकात बेंझिल अल्कोहोलसारखं काहीतरी जंतू वाढू नयेत म्हणून घातलेलं असतं, ते पाणी घातलं की बाटली फ्रीजमध्ये ठरलेले दिवस चालते. किती दिवस ते त्या त्या कंपनीच्या कागदावर असतं, शेजारच्याचं ऐकून ठरवायचं नाही. दुसरं साधं निर्जंतुक पाणी, त्यात तसलं काही नसतं, ते घातलं तर औषध एकदाच वापरायचं आणि उरलेलं टाकून द्यायचं. मेडिकलवाला "पाणी पाणीच असतं" म्हणून साध्या पाण्याची ॲम्प्युल (काचेची कुपी) हातात देतो, तेव्हा घ्यायचं नाही, किंवा घेतलं तरी डॉक्टरांना फोन करून मगच घालायचं. आणि बेंझिल अल्कोहोल अगदी तान्ह्या बाळांना चालत नाही, त्यांच्यासाठी तर हे सगळं डॉक्टरच ठरवणार.

मापाचा घोळ असा की पाण्याच्या ॲम्प्युलवर २ एमएल लिहिलेलं असलं तरी आत थोडं जास्त असतं, कारण काढताना थोडं काचेला राहणार हे धरून जास्तीचं भरलेलं असतं. तुमच्या कागदावर "सगळं पाणी घाला" असं असेल तर सगळं घाला. पण "२ एमएल घाला" असं असेल तर सिरिंजवर मोजून दोनच घाला. आम्ही सुरुवातीला ॲम्प्युल सगळी उपसून घालायचो, मग द्रावण थोडं पातळ व्हायचं आणि रोजचा डोस गुपचूप कमी पडायचा, गंमत म्हणजे बाटली तेव्हा जास्त दिवस पुरायची आणि आम्ही खूश! बाटली जास्त पुरते हे पण चुकल्याचंच लक्षण आहे, हे कुणी सांगत नाही. आणि कंपनी बदलली तर पाणी पण बदलतं. एकीचं २ एमएल तर दुसरीचं १ एमएल असू शकतं, तेव्हा सिरिंजवरची जुनी रेघ विसरायची आणि नव्याने डॉक्टरांकडून लिहून घ्यायचं. आमच्या फ्रीजच्या दारावर चिकटपट्टी लावलीय, त्यावर कंपनी, किती एमजी, किती पाणी, कुठली सिरिंज, कितवी रेघ, बाटली फोडल्याची तारीख. हिने सुचवलं, मी आधी हसलो होतो.

पाणी घालताना फेस होतो ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकतो. कारण असं की बऱ्याच बाटल्यांच्या आत हवा ओढून घेतलेली असते, सुई बुचातून आत गेली रे गेली की बाटली स्वतःच पाणी खेचते आणि धार थेट पावडरीवर आदळते. म्हणून सुई आत जाताना दट्ट्या अंगठ्याने धरून ठेवायचा, सुईचं टोक काचेच्या भिंतीकडं वळवायचं आणि पाणी भिंतीवरून ओघळत खाली जाऊ द्यायचं, हळूहळू. मग बाटली हलवायची नाही. सॉस बाटलीतून बाहेर काढायला हलवतो तसं तर अजिबात नाही. दोन्ही तळव्यांत धरून हळू फिरवायची किंवा टेबलावर ठेवून द्यायची पाच मिनिटं, विरघळतंच. हे हार्मोन १९१ अमिनो ॲसिडची लांबलचक साखळी असते आणि ती एका ठराविक घडीत दुमडलेली असते, जोरात हलवलं की हवेच्या बुडबुड्यांच्या पृष्ठभागावर घडी उलगडते, गुठळ्या होतात, औषध असून नसल्यासारखं. आणि फेस राहिला तर सिरिंजमध्ये औषधाऐवजी हवाच ओढली जाते. विरघळल्यावर पाण्यासारखं स्वच्छ दिसलं पाहिजे. गढूळ, तंतू तरंगतायत, रंग आलाय, असं असलं तर बाटली बाजूला ठेवा, फोटो काढा, लॉट नंबर टिपा आणि दुकानदाराला व डॉक्टरांना दाखवा. "थोडं गढूळ आहे, चालतंय" म्हणून पोराला देऊ नका.

जाता जाता, पूर्वी हे हार्मोन मेलेल्या माणसांच्या मेंदूखालच्या ग्रंथीतून काढायचे. त्यातून मेंदूचा जीवघेणा रोग आल्याचं कळल्यावर १९८५ साली अमेरिकेत ते बंद केलं, आणि त्याच वर्षी जनुक तंत्राने जंतूंकडून बनवून घेतलेलं मंजूर झालं. आमच्या आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग आता जंतूंचं टोचताय होय." आता काय बोलायचं.

बरं, मूळ चोर. पाणी मोजून घातलं, फेस नाही, तरी शुक्रवारी बाटली रिकामी. हे कसं पकडलं ते सांगतो. एक रिकामी झालेली जुनी बाटली घेतली, तिच्यावरचं लेबल आधी खरवडून काढलं, म्हणजे चुकून कुणी औषधाची समजू नये. त्यात निळीचं पाणी मोजून २ एमएल घातलं आणि रोज वापरतो तसल्याच सहा नव्या सिरिंजा घेऊन स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसलो. ०.३ ओढायचं, वाटीत सोडायचं, मग रोजच्यासारखी दुसरी नवी सिरिंज. ओढायचं, सोडायचं. पाच वेळा झाल्यावर बाटलीत एक पातळसा निळा थर राहिला, सहाव्या वेळी अर्धवट आलं. आता हे पाणी होतं, ना कंपनीने कमी भरलेलं ना कुणी चोरलेलं. मग सिरिंज उजेडात धरली. दट्ट्या पार टोकाला टेकलेला आणि तरीही सुईच्या बुडाशी, जिथं सुई सिरिंजवर बसते त्या प्लास्टिकच्या खोबणीत, निळा ठिपका. एवढासा! तोच चोर.

झालं होतं असं की सुरुवातीला हॉस्पिटलमधल्या सिस्टरने आम्हाला इन्सुलिनच्या सिरिंजवर शिकवलं होतं, तिची सुई पक्की बसवलेली असते, निघत नाही. ती संपल्यावर मी गावातून साधी एक एमएलची सिरिंज आणली, जिची सुई काढता-घालता येते. मापाच्या रेघा दोन्हीवर बरोबरच असतात. पण काढता येणाऱ्या सुईच्या बुडाशी आणि सुईच्या नळीत जी पोकळी असते ती रेघांच्या हिशोबात नसते. तुम्ही ०.३ टोचता ते खरंच ०.३ असतं, डोस बरोबर जातो, पण त्या पोकळीत ०.०५ ते ०.१ एमएलच्या आसपास औषध अडकतं आणि सिरिंजबरोबर कचऱ्यात जातं. ०.०७ धरा. म्हणजे बाटलीतून रोज ०.३ नाही, ०.३७ जातंय. २ भागिले ०.३७ करा, पाच पूर्ण डोस आणि सहावा अर्धा. शुक्रवार! हिशोब एवढा तंतोतंत जुळला की मला राग यायच्या ऐवजी बरं वाटलं. केंद्रावर नव्या पोराला पहिल्याच दिवशी मी सांगतो की पिपेटचं टोक काचेला टेकवून शेवटचा थेंब उतरेपर्यंत थांब, आणि घरी तोच शेवटचा थेंब चार महिने फेकत होतो.

मोठ्या माणसाला ५ एमएलचं इंजेक्शन देताना ही पोकळी कुणाच्या खिजगणतीतही नसते. इथं डोसच ०.३ आहे म्हणून पाचवा हिस्सा वाया जातो. जितका डोस छोटा तितकी ही चोरी मोठी. काही जण औषध एका सुईने ओढतात आणि टोचायला दुसरी बारीक सुई लावतात, त्यांचं पहिल्या सुईतलं जातं ते वेगळं. म्हणून डॉक्टर वेगळं काही सांगत नसतील तर सुई पक्की बसवलेली इन्सुलिनची सिरिंज घ्या. आम्ही परत तिच्यावर आलो आणि पहिल्याच आठवड्यात शनिवारनंतर तळाला ०.२ उरलं.

पण इन्सुलिनची सिरिंज म्हटलं की पुढचा घोळ, आणि हा साधा नाही, हा घाबरवणारा आहे. आपल्याकडं दोन जातीच्या मिळतात. केशरी टोपणाची यू-१००, म्हणजे एका एमएलला १०० युनिट. लाल टोपणाची यू-४०, म्हणजे तेवढ्याच एका एमएलला ४० युनिट, कारण आपल्याकडं ४० च्या ताकदीचं इन्सुलिन अजून सर्रास विकलं जातं आणि लाल सिरिंज त्याच्यासाठी. आमची चिकटपट्टीवरची रेघ होती "केशरी, ३०", कारण केशरीवर ३० म्हणजे ०.३ एमएल. एकदा केशरी नव्हती, दुकानातल्या पोराने लाल दिली, "इन्सुलिनचीच आहे काका" म्हणाला. खोटं बोलला नाही तो. मी रात्री साडेनऊला, दिवसभराच्या कामाने डोळे मिटत असताना, लालवर ३० पर्यंत ओढलं. पोरगं मांडी उघडी करून तयार. हिने सहज बघितलं आणि म्हणाली, "अहो, आज एवढं का दिसतंय?" थांबलो. लालवर ३० म्हणजे ०.७५ एमएल, म्हणजे १.५ एमजी, म्हणजे अडीच पट डोस. तिने रेघ नाही वाचली, तिने नुसतं पाणी किती उंच चढलंय ते बघितलं. तेव्हापासून आमच्याकडं नियम, रेघ मी वाचतो आणि उंची ती बघते, दोघांचं जुळलं तरच सुई लागते.

उलटं पण होतं. लालवर शिकलेला माणूस केशरी घेऊन तोच आकडा ओढतो आणि डोस अर्ध्याहून कमी जातो, महिनोन्महिने, आणि मग "उंची का वाढत नाही" म्हणून तपासण्या सुरू. केशरीत पण परत बघा, १ एमएलच्या सिरिंजवर बहुतेक वेळा एक बारीक रेघ म्हणजे २ युनिट असते आणि अर्ध्या एमएलच्या सिरिंजवर एक रेघ म्हणजे १ युनिट. रेघा मोजत बसलात तर दुप्पट जाईल. रेघा मोजू नका, छापलेला आकडा वाचा.

आणि मुळात हा "युनिट" शब्दच सगळ्या भांडणाचं मूळ आहे. आमच्या पोराचा डोस ०.६ एमजी, तोच १.८ आययू, तोच केशरी सिरिंजवर ३० आणि तोच लालवर १२. चारही आकडे खरे आणि त्यातले शेवटचे तीन आकडे लोक नुसतं "युनिट" म्हणून बोलतात. फोनवर दुसऱ्या पालकाने "आम्ही तीस देतो" म्हटलं आणि तुम्ही ऐकून तीस ओढलं तर त्यांची बाटली वेगळी, पाणी वेगळं, सिरिंज वेगळी, त्या तीसला काही अर्थ नाही. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर एमजी आणि एमएल दोन्ही लिहून घ्या, आणि सिरिंज सोबत नेऊन "यातली कितवी" असं बोट ठेवून विचारा. आम्ही विचारलं तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं सगळ्यांनी विचारलं तर माझे अर्धे फोन कमी होतील. समजा चुकून जास्त गेलंच, तर गूगल करत बसू नका, लगेच डॉक्टरांना फोन, कारण जास्त झालं तर आधी साखर खाली जाऊ शकते आणि नंतर वर. आणि एक दिवस चुकला किंवा कमी गेला तर दुसऱ्या दिवशी डबल देऊन भरपाई करायची नाही.

बुडबुड्यांचं थोडक्यात सांगतो. कातडीखाली दिलेल्या इंजेक्शनमध्ये छोटा बुडबुडा गेला म्हणून पोराला काही होत नाही, सिनेमात बघून घाबरू नका. पण बुडबुड्याने औषधाची जागा खाल्लेली असते. ३० मध्ये ३ चा बुडबुडा म्हणजे दहावा हिस्सा हवाच टोचली. बुडबुडे येतात कारण बाटलीतून औषध बाहेर काढलं की आत पोकळी तयार होते, ती दट्ट्या परत आत खेचते आणि बुचाच्या भोकातून हवा शोषून घेते. म्हणून जेवढं ओढायचं तेवढीच हवा आधी बाटलीत सोडायची, मग बाटली उलटी, सुईचं टोक औषधात बुडालेलं, हळू ओढायचं, टिचकी मारून बुडबुडे वर आणायचे आणि परत बाटलीतच ढकलायचे, बाहेर उडवायचं नाही. हवा जास्त सोडली तर उलटा दाब येतो आणि सुई काढताना बुचावर औषधाचा मणी येतो, तो पण गेलाच. शेवटच्या दोन दिवशी टोक अगदी बुचाच्या वर जेमतेम ठेवायचं, नाहीतर तळाला औषध दिसतंय आणि येत मात्र हवाच आहे, असं होतं. बूच स्पिरिटच्या कापसाने पुसलं की सुकू द्यायचं, ओल्यातच सुई घातली तर स्पिरिट आत जातं. आणि रोज त्याच भोकाच्या आसपास जाड सुई खुपसली तर रबराचे कण सुटून आत तरंगतात, ते दिसले तर ती बाटली पण बाजूला.

फ्रीज. २ ते ८ डिग्री, गोठवायचं नाही, एकदा गोठलं की वितळवून वापरायचं नाही. गावाकडच्या एका दाराच्या फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याच्या लगेच खाली जो ट्रे असतो तिथं दूध पण गोठतं हे आपल्याला माहीत असतं आणि औषध मात्र "सगळ्यात थंड जागा" म्हणून तिथंच ठेवतो. मधल्या फळीवर, मागच्या भिंतीला न टेकता, डब्यात घालून ठेवा. दारात नको, दार दिवसातून पन्नास वेळा उघडतं. गावाला जाताना थर्मासमध्ये बर्फाची पिशवी ठेवतो आम्ही, पण बाटली रुमालात गुंडाळून, बर्फाला थेट लागू न देता. इंजेक्शनच्या आधी सिरिंज मुठीत दोन मिनिटं धरली की पोरगं कमी ओरडतं, गार औषध जास्त चुरचुरतं. मांडी, पोट, रोज जागा बदलायची, आमच्याकडं पोरगंच सांगतं आज कुठली बाजू.

आता एक विषय काढावा लागतोय कारण तालमीतली दोन पोरं माझ्याकडं येऊन गेली. कुणीतरी सांगितलं की काकांना पावडरचं इंजेक्शन बनवता येतं. एकाने खिशातून बाटली काढली, बीपीसी-१५७ नावाची पावडर, ऑनलाइन मागवलेली, खांद्याच्या दुखापतीवर म्हणे, "पाणी किती घालू काका, किती युनिट ओढू?" लेबलवर बारीक अक्षरात लिहिलेलं की फक्त संशोधनासाठी, माणसांना देण्यासाठी नाही. मी नाही सांगितलं, आणि का नाही ते त्याला असं सांगितलं की बघ, माझा सगळा हिशोब उभा आहे तो एका आकड्यावर, बाटलीवर छापलेल्या ४ एमजीवर. तो आकडा खरा आहे म्हणून पुढचं सगळं गणित खरं. तुझ्या बाटलीवरचा आकडा कुणी तपासलाय? आत ५ आहे का २ आहे का दुसरंच काही आहे, जंतूंचं विष आहे का, हे तू कितीही नीट पाणी मोजलंस तरी कळणार नाही. आपण केंद्रावर कॅनवर लिहिलेलं फॅट बघून पैसे देतो का? देत नाही, आपण लावून बघतो. तुला लावून बघता येत नाही. शिवाय ते औषध म्हणून मंजूर नाही आणि वाडाने, म्हणजे खेळातलं डोपिंग रोखणाऱ्या जागतिक संस्थेने, २०२२ पासून खेळाडूंना बंदी घातलेल्यांत घातलंय, ग्रोथ हार्मोन तर आधीपासूनच बंद, पुढं मॅटवरच्या कुस्तीला गेलास आणि तपासणी झाली तर वस्ताद पण वाचवणार नाहीत. ऐकलं का नाही माहीत नाही. खांद्यासाठी हाडाच्या डॉक्टरांकडं जा म्हटलं, नाव पण सांगितलं.

परत आपल्या बाटलीवर. तुमची बाटली वेळेआधी संपत असेल तर कुणाशी भांडायच्या आधी निळीच्या पाण्याची ती तालीम एकदा कराच, तुम्ही वापरता तसल्याच सिरिंजने, दर वेळी नवी घेऊन, तुमच्याच डोसने. उरायला पाहिजे तेवढं उरलं तर सिरिंज निर्दोष, मग फेस, बुडबुडे, बुचावरचा मणी बघा. नाही उरलं तर सुईचं बूड उजेडात धरा. निळीच्या सिरिंजा आणि बाटली काम झाल्यावर लगेच फेकायच्या, औषधाच्या डब्यात परत जाता कामा नयेत. आणि हे सगळं बरोबर असूनही एखाद्याच लॉटला कमी पडत असेल तर मग खरंच लॉट नंबर घेऊन तक्रार करा, तेव्हा तुमच्या बोलण्यात वजन असेल.

शनिवारी उरतं त्या ०.२ चं काय करायचं, हे सगळे विचारतात. महाग औषध आहे, जीव तुटतो, मला माहितीय. दोन बाटल्यांचं उरलेलं एकत्र करून तिसऱ्या आठवड्यात एक डोस वाचवायचा असा माझा पण बेत होता, डॉक्टरीणबाईंनी साफ नाही सांगितलं, दोन बाटल्यांत सुई फिरवली की एकीतली घाण दुसरीत, आणि जुनीची मुदत संपलेली. त्यामुळं ते आता टाकतो. सुया घट्ट झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या डब्यात, डबा भरला की हॉस्पिटलमध्ये परत, उकिरड्यावर नाही. डब्यावर पोराने स्केचपेनने कवटी काढलीय आणि खाली लिहिलंय "पप्पांनी हात लावू नये". लाल सिरिंजची गोष्ट हिने त्याला सांगितली वाटतं.